मिरवणुकीच्या मागे मागे, त्सुशिमा ते तोक्यो

शनिवार, हाकाता ते इझुहारा

हाकाता बंदरातून जेटफॉइल निघाली की साधारण सव्वादोन तासांत त्सुशिमा येतं, जपान आणि कोरियाच्या मधलं बेट, मध्ये इकी बेटावर थोडा वेळ थांबते. समुद्र बराच उसळलेला होता, मावशी डोळे मिटून बसलेली आणि मी खिडकीतून बघत विचार करत होते की हेच पाणी ५०० माणसं लाकडी जहाजांतून ओलांडायची, तेही वाऱ्याची वाट बघत दिवसच्या दिवस थांबून.

विषय थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं सगळं कळेल. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजाने जपानच्या शोगुनकडे, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाकडे, १२ वेळा वकील पाठवले, दर वेळी ३०० ते ५०० माणसांचा लवाजमा. बुसानहून निघायचं, त्सुशिमा, मग सेतोचा आतला समुद्र, ओसाकापर्यंत जहाज आणि तिथून पुढे नदीने आणि पायी-घोड्यावर बहुतेकदा एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत. जपानी चित्रकारांनी ही मिरवणूक लांबच लांब स्क्रोलवर, पडद्यांवर, सुट्या कागदांवर परत परत काढली. या चित्रांना आणि कागदपत्रांना २०१७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत जागा मिळाली, दोन्ही देशांतल्या संस्थांनी मिळून अर्ज केला होता. मी जपानात राहते, हे स्क्रोल आधी स्क्रीनवर पाहिले आणि तेव्हापासून डोक्यात होतं की ज्या रस्त्याने ही माणसं गेली त्या रस्त्याने जाऊन हे बघायचं. मावशी फलटणहून आली होती, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली तिने, तिला विचारलं तर म्हणाली, "चल, मंदिरं नंतर बघू."

इझुहारा गाव लहान आहे, दगडी भिंती, डोंगर जवळ आलेले. संध्याकाळी बानशोइन देवळात गेलो, इथे त्सुशिमावर राज्य करणाऱ्या सो घराण्याच्या समाध्या आहेत. १३२ दगडी पायऱ्या चढून वर जायचं, दोन्ही बाजूंना कंदील आणि प्रचंड जुने सीडर. हे देऊळ ज्याच्यासाठी बांधलं तो सो योशितोशी म्हणजे अवघड माणूस. १५९२ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वारी केली तेव्हा पहिल्या तुकडीत बुसानला उतरलेला हाच, आणि लढाई संपल्यावर कोरियाशी पुन्हा बोलणी सुरू करणाराही हाच. बेटावर भातशेती जवळजवळ नाही, कोरियाशी व्यापार बंद म्हणजे उपासमार. कोरियाने अट घातली की आधी जपानकडून खलिता यायला हवा, तेव्हा त्सुशिमाच्या लोकांनी चक्क खोटा खलिता तयार केला, आणि पुढची कित्येक वर्षं दोन्हीकडचे खलिते असेच मधल्यामध्ये बदलत राहिले. १६३५ मध्ये हे उघडकीला आलं. शोगुनने सो घराण्याला अभय दिलं आणि ज्या कारभाऱ्याने प्रकरण बाहेर काढलं त्या यानागावाला पार उत्तरेला त्सुगारूत हद्दपार केलं. म्हणजे या सगळ्या शांततेच्या मिरवणुका ज्याच्यावर उभ्या आहेत त्याच्या पायातच हा बनाव आहे, आणि मला त्यात वाईट वाटत नाही, उलट त्या बेटाच्या माणसांबद्दल फार जवळीक वाटली.

रविवार, इझुहारा

आजचा दिवस पूर्ण स्क्रोलसाठी. त्सुशिमाचं नवं म्युझियम २०२२ मध्ये उघडलं, आणि गावात या कोरियन वकिलातीवरचं एक वेगळं छोटं म्युझियमही आहे.

स्क्रोल उजवीकडून डावीकडे बघायचा. खरा वापर असा की दोन्ही हातांत धरायचा, डावीकडून उलगडायचा आणि उजवीकडे गुंडाळत जायचा, डोळ्यांसमोर एका वेळी हातभरच चित्र. त्यामुळे मिरवणूक खरंच समोरून सरकत जाते. काचेखाली मात्र एकच भाग उघडून ठेवलेला असतो, बाकीचं छापील प्रतीवर बघायचं, आम्ही दोघी प्रतीसमोर इतका वेळ उभ्या होतो की शेवटी मावशीला बसायला स्टूल मिळालं.

सुरुवातीला निशाणं. दोन मोठी निशाणं, त्यांच्यावर रस्ता मोकळा करा अशा अर्थाची अक्षरं, मग ड्रॅगनचं भलंमोठं निशाण, ते सावरायला माणसं दोऱ्या धरून. मग वाद्यवाले, लांब पितळी कर्णे, शंख, सनईसारखं एक वाद्य, ढोल, झांजा. मग धनुष्यबाण लावलेले सैनिक. मग खलित्याची पालखी. तिच्यात माणूस नाही, फक्त पत्र! राजाचं पत्र म्हणजे राजाच, म्हणून सगळ्यात जास्त मान त्याला. त्याच्या मागे मुख्य वकील, उपवकील आणि तिसरा अधिकारी, मग दुभाषे, वैद्य, चित्रकार, कवी, लेखनिक, केसांची लांब वेणी घातलेली घोड्यावरची मुलं. बहुतेकांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत हुद्दा लिहिलेला आहे.

मावशी म्हणाली, "अगं हे तर दिंड्यांच्या नंबरासारखं आहे, रथाच्या पुढे कोण, मागे कोण, एकदा ठरलं की ठरलं." फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते, तिने लहानपणापासून ते पाहिलंय, त्यामुळे तिला क्रमाचं महत्त्व सांगावं लागलं नाही. आणि हे स्क्रोल मुळात शोभेसाठी नव्हतेच असं मला वाटतं, निदान सरकारी स्क्रोल तरी. पुढची मिरवणूक १० वर्षांनी की ३० वर्षांनी येईल माहीत नाही, तोवर जुनी माणसं गेलेली असणार, मग कोण कुठे उभा होता, कुणाला मेणा, कुणाला उघडी पालखी, कुणाला नुसता घोडा, हे लक्षात कोण ठेवणार? चित्र ठेवणार.

आता जी गोष्ट मला सांगायचीच आहे ती. हे स्क्रोल 'कोरियन वकिलातीची मिरवणूक' म्हणून ओळखले जातात पण नीट बघा, त्यात जपानी माणसं केवढी आहेत. घोडा कोरियन माणसाला दिलेला, लगाम जपानी मोतद्दाराच्या हातात. पालखीत कोरियन, खांदा जपानी. ओझी, पेट्या, छत्र्या, सगळं जपानी हमालांच्या अंगावर. ओळखायला सोपे आहेत, कोरियन माणसाला दाढी, डोक्यावर टोपी, पायघोळ कपडे. जपानी माणसाचं कपाळ तासलेलं, मागे शेंडी बांधलेली, पोटऱ्या उघड्या. मावशीने बोट दाखवलं ते एका हमालाच्या पायाकडे, गुडघ्यात किंचित वाकलेला, टाच उचललेली, वजन कुठे आहे ते एका रेषेत कळतंय. ती म्हणाली, "साहेबाचा चेहरा साच्यातला आहे, पण हे पाय काढणाऱ्याने हमाल बघितलेला आहे." त्यानंतर मी पुढच्या सगळ्या प्रवासात वकिलांचे चेहरे कमी आणि हमालांचे पाय जास्त बघितले.

दुपारी आमेनोमोरी होशूच्या समाधीवर गेलो, चोजुइन देवळाच्या मागे थोडं वर चढून. हा मूळचा ओमी प्रांताचा कन्फ्यूशियन पंडित, त्सुशिमा संस्थानच्या नोकरीत आयुष्य गेलं, कोरियन शिकला, बुसानला जाऊन राहिला, १७११ आणि १७१९ च्या मिरवणुकांबरोबर एदोपर्यंत चालला. १७२८ मध्ये त्याने लिहून ठेवलं की एकमेकांना फसवायचं नाही, भांडायचं नाही, खरेपणाने वागायचं, यालाच सद्भाव म्हणतात. १९९० मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष रो ते-वू तोक्योला आले तेव्हा राजवाड्यातल्या भाषणात त्यांनी त्याचं नाव घेतलं. समाधी अगदी साधी आहे. ज्या संस्थानाने खोटे खलिते केले त्याच संस्थानात शंभर वर्षांनी असा माणूस झाला ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सोमवार, शिमोकामागारी

सकाळची जेटफॉइल, शिंकान्सेन, मग कुरे लाइनची लोकल, मग बस, पूल ओलांडून शिमोकामागारी बेट. दमलो पण हट्टाने आलो कारण इथे जेवण आहे. म्हणजे जेवणाची हुबेहूब मॉडेल. शोतोएन नावाच्या म्युझियममध्ये कोरियन पाहुण्यांना काय वाढलं होतं ते जुन्या नोंदींवरून करून ठेवलंय. त्सुशिमाच्या प्रमुखाला एदोत विचारलं की वाटेत कुठलं जेवण चांगलं, तर तो म्हणाला, आकी प्रांतातल्या कामागारीचं एक नंबर, अशी इथली अभिमानाची आठवण आहे.

पहिलं येतं ते सात-पाच-तीनचं ताट, ते नुसतं मानाचं, रचून, सजवून ठेवलेलं, त्याला हात लावायचा फक्त रिवाजापुरता. ते उचललं की मग खरं जेवण, ३ प्रकारची सूप आणि १५ पदार्थ. आबालोन, मासे, तितर जातीचे पक्षी. पाहुण्यांना मांस आवडतं म्हणून आधीच चौकशी करून संस्थानं शिकारीच्या आणि खरेदीच्या मागे लागायची, पाणी, दिवे, गाद्या, धक्क्यापासून मुक्कामापर्यंत अंथरलेले गालिचे, सगळी यादी. एका संस्थानाने शेजारच्या संस्थानाकडे हेर पाठवून काय वाढलं ते बघून यायचं असाही प्रकार चालायचा. खर्च इतका व्हायचा की १७११ मध्ये शोगुनचा सल्लागार आराई हाकुसेकी याने मेजवान्यांची संख्याच कमी केली.

मंगळवार, तोमोनोउरा

फुकुयामा स्टेशनवरून बसने अर्धा तास. फुकुझेनजी देवळाचा पाहुण्यांसाठी बांधलेला दिवाणखाना आहे, ताइचोरो, १६९० च्या सुमाराचा. बूट काढून तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचं आणि समोरच्या खांबांच्या चौकटीतून समुद्र, बेन्तेन बेट, त्याच्यामागे सेन्सुइ बेट. १७११ च्या वकिलातीतला यी बांग-ऑन इथे बसला आणि त्याने लिहून दिलं की पूर्वेकडच्या जपानातला हा पहिल्या नंबरचा देखावा, ती अक्षरं आजही लाकडी पाटीवर कोरलेली वर लावलेली आहेत. ताइचोरो हे नाव १७४८ च्या मुख्य वकिलाने दिलं आणि त्याच्या मुलाने ते लिहिलं.

इथे एक कळतं जे स्क्रोलमध्ये नाही. स्क्रोलमध्ये सगळे चालत असतात. पण या माणसांचा निम्मा वेळ थांबण्यात गेलेला आहे, भरती, वारा, पाऊस, आणि थांबले की गावचे लोक कागद घेऊन हजर, चार ओळी लिहून द्या, चित्र काढून द्या. किम म्योंग-गुक नावाचा चित्रकार १६३६ मध्ये आला होता, त्याच्याकडे चित्रं मागणाऱ्यांची इतकी रीघ लागली की तो रडकुंडीला आला असं बरोबरच्या अधिकाऱ्याने डायरीत लिहिलंय. तरी १६४३ मध्ये परत आलाच.

बुधवार, ओसाका

जहाजं इथपर्यंतच. कोरियन जहाजं आणि शंभरेक खलाशी ओसाकात थांबायचे आणि बाकीचे सोन्याचा मुलामा दिलेल्या जपानी नावांत बसून योदो नदीने वर जायचे.

ओसाका हिस्टरी म्युझियममध्ये या विषयाचा मोठा संग्रह आहे आणि तो बहुतेक एका माणसाने जमवलेला, शिन गिसू, जपानात जन्मलेला कोरियन वंशाचा माणूस, १९३१ ते २००२. ज्या काळात या वकिलातींबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं त्या काळात हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि लोकांच्या घरांत फिरून स्क्रोल, पडदे, कागद शोधत होता, १९७९ मध्ये त्याने यावर माहितीपटही केला. मला तिथे उभं राहून सारखं वाटत होतं की हा माणूस नसता तर यातलं किती काही लिलावात इकडेतिकडे गेलं असतं.

१७११ च्या मोठ्या स्क्रोलची गोष्ट इथेच सांगते. त्या वर्षी शोगुनच्या ज्येष्ठ मंत्र्याच्या हुकमावरून त्सुशिमा संस्थानाने एदोतल्या ४० च्या वर बाजारी चित्रकारांना कामाला लावून १४ स्क्रोल करून घेतले, जातानाची मिरवणूक, परतीची, त्सुशिमाच्या प्रमुखाचा लवाजमा असं सगळं. त्या वर्षीचे काही स्क्रोल आता इथे आहेत, काही क्योतोच्या कोर्यो म्युझियममध्ये. मावशीला मी हा आकडा सांगितला नव्हता, ती खुरांकडे बघत म्हणाली, "हे एका हाताचं काम नाही. हे बघ, इथले खूर गोल आहेत आणि इथून पुढे टोकदार झाले." मग सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण तिला सगळ्यात आवडलं ते लहानसं चित्र, हानाबुसा इच्चोचं. घोड्यावर बसलेला कोरियन मुलगा खाली वाकून कागदावर काहीतरी लिहितोय आणि एक साधा जपानी माणूस कागद आणि शाई वर धरून उभा आहे, टाचा उंचावून. मिरवणूक चालू असताना! सरकारी स्क्रोलमध्ये हे येणं शक्य नाही, तिथे ओळ मोडायची परवानगी नाही. इच्चो स्वतः मियाके बेटावर ११ वर्षं हद्दपारी भोगून १७०९ मध्ये परत आलेला, त्याला ओळीबाहेरची माणसं दिसत असणार.

ओसाका म्हणजे नुसतं कौतुक नाही. १७६४ मध्ये इथेच त्सुशिमाच्या सुझुकी देन्झो नावाच्या दुभाष्याने कोरियन अधिकारी चे चॉन-जोंगचा खून केला, त्याला पकडून मृत्युदंड दिला. जो ऑम नावाचा त्याच वकिलातीचा मुख्य वकील येताना त्सुशिमात रताळी बघून त्याचं बियाणं कोरियाला पाठवतो आणि पुढे दुष्काळात तिकडे लोक त्यावर जगतात. एकाच प्रवासातल्या या दोन गोष्टी.

गुरुवार, क्योतो

आज चालणं भरपूर. आधी मिमिझुका, म्हणजे कानांचा ढिगारा. हिदेयोशीच्या सैनिकांनी कोरियात कापलेली नाकं आणि कानं खारवून इथे आणली, त्यावर हा मातीचा उंचवटा, वर दगडी स्तूप. आजूबाजूला घरं, मुलांची खेळायची बाग. पुढे होकोजीच्या मोठ्या बुद्धाच्या देवळात कोरियन वकिलांना मेजवानी द्यायची पद्धत पडली. १७१९ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की हिदेयोशीने बांधलेल्या जागी आम्ही जेवणार नाही, आणि यावरून होशूची आणि त्यांच्या लेखनप्रमुख शिन यू-हानची चांगलीच जुंपली. दोघं एकमेकांना मानणारे, कविता करणारे मित्र, आणि तरी. त्या ढिगाऱ्यासमोर मावशी काहीच बोलली नाही, मीही नाही.

तिथून पाच-दहा मिनिटांवर म्योहोइन, आणि मराठी वाचणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते. या देवळाच्या मालकीचं एक पत्र जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि ते पत्र गोव्याहून आलेलं आहे! १५८८ मध्ये गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझेस याने हिदेयोशीला चामड्याच्या कागदावर, रंगीत नक्षी काढून पत्र लिहिलं, जेझुइट पाद्री व्हालिन्यानो ते घेऊन निघाला, बरोबर तलवारी, चिलखत, अरबी घोडा असा नजराणा. ३ मार्च १५९१ ला क्योतोतल्या जुराकुदाई वाड्यात ते सादर झालं, तोवर लिहिणारा व्हाइसरॉय मरून तीन वर्षं होत आली होती. आणि त्याच वाड्यात काही महिने आधी, १५९० मध्ये, कोरियन वकील येऊन गेले होते. म्हणजे गोव्याची वकिलात आणि कोरियाची वकिलात एकाच माणसाच्या दरबारात पाठोपाठ. व्हाइसरॉयला दिलेल्या उत्तरात हिदेयोशीने चीन जिंकायचा बेत लिहिलाय, आणि पुढच्या वर्षी बुसानवर स्वारी. देऊळ एरवी आतून बंदच असतं, आम्ही फाटकाबाहेर उभं राहिलो, पण मला तेही पुरेसं होतं.

शुक्रवार, ओमीहाचिमान

बिवा तलावाच्या काठाने कोरियन लोकांसाठीचा म्हणून ओळखला जाणारा रस्ता आहे, यासू ते हिकोने, सुमारे ४१ किलोमीटर. शोगुन ज्या रस्त्याने क्योतोला जायचे तो यांना दिला, इतर सरदारांना तो नव्हता. गावातून तो अरुंद वळणं घेत जातो, पाटी आहे. थोडं चाललो, कोन्न्याकू (कंदापासून केलेला जेलीसारखा पदार्थ) घेतला, पावसामुळे लवकर परतलो.

शनिवार, ओकित्सु

शिझुओकाजवळचं सेइकेनजी. आधी मधली एक गोष्ट, ट्रेनने किसो नदी ओलांडताना मावशीला सांगितली: ओकोशी या ठिकाणी मिरवणुकीसाठी नावा शेजारी शेजारी बांधून पूल करायचे, २७० च्या वर नावा, लांबी सुमारे ८५० मीटर, पाहुणे गेले की मोडायचा, परत येताना पुन्हा.

सेइकेनजीत जायचं तर फाटकातून आत शिरून रेल्वेवरचा पूल ओलांडायचा, तोकाइदो लाइन देवळाच्या आवारातूनच गेली आहे. १६०७ ची पहिली वकिलात इथे उतरली होती. नंतरच्या लोकांनी येता-जाता कविता लिहिल्या, आणि गंमत वाटेल, पुढचा वकील आधीच्या वकिलाच्या कवितेला त्याच यमकात उत्तर देतो, मध्ये कित्येक वर्षं गेलेली. युनेस्कोच्या यादीत एकट्या या देवळाच्या ४८ वस्तू आहेत. दारावर १७११ च्या दुभाष्याने लिहिलेली पाटी, आत तुळईखाली लाकडावर कोरलेल्या कविता, अगदी जवळून बघता येतात, छिन्नीच्या खुणा दिसतात. समोर पूर्वी मिहोचं पाइनचं बन आणि समुद्र दिसायचा, आता हायवे आणि गोदामं आहेत, तरी वरच्या मजल्यावरून समुद्राची पट्टी दिसते.

रविवार, तोक्यो

आसाकुसाला हिगाशी होंगानजी, इथे वकिलांचा मुक्काम असायचा. इमारत नवी आहे. मग घरी.

रात्री जेवणानंतर मावशीला लॅपटॉपवर राष्ट्रीय अभिलेखागाराचा १७१० चा र्‍युक्यूचा स्क्रोल दाखवला. आजचं ओकिनावा म्हणजे तेव्हाचं वेगळं राज्य, १६०९ मध्ये सात्सुमा या जपानी संस्थानाने जिंकलेलं, आणि त्यांचे वकील १६३४ ते १८५० मध्ये १८ वेळा एदोला आणले गेले. यांना सात्सुमानेच सांगितलेलं की कपडे, वस्तू परदेशी दिसतील अशाच हव्यात, जपान्यांसारखं दिसायचं नाही. वाद्यवाले तसेच, निशाणं तशीच, भोवती सात्सुमाचे लोक, किती तरी. मावशीने झूम करत करत बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कोरियाच्या चित्रात बरोबरचे लोक सामान उचलत होते. इथले बरोबरचे लोक लक्ष ठेवतायत." मी तो स्क्रोल कितीदा पाहिला होता, हे दिसलं नव्हतं. मग आम्ही त्सुशिमाच्या स्क्रोलचे फोटो शेजारी उघडून दोन्हीकडचे जपानी मोजायला बसलो.

कुणाला जायचं असेल तर एकच, मूळ स्क्रोल कायम मांडलेले नसतात, कागद उजेडाने खराब होतो म्हणून थोडे आठवडे लावून परत आत ठेवतात, तेव्हा आधी प्रत्येक म्युझियमचं प्रदर्शनाचं वेळापत्रक बघा. शिमोकामागारीला मंगळवारी जाऊ नका आणि त्सुशिमाला ऑगस्टमध्ये जमलं तर उत्तम, इझुहाराच्या बंदर उत्सवात ही मिरवणूक गावातले लोक रस्त्यावर काढतात.